किलिंदिनीची वाट

प्रवासवर्णन लिहिणे हा आमचा पिंड नव्हे. रविवारचे प्रवचन आणि धर्मग्रामाचे हिशेब यांपलीकडे आमची लेखणी सहसा जात नाही. परंतु गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त थोरल्या बहिणीच्या मुलांनी आम्हांला हिंदी महासागरातील जलपर्यटनास धाडण्याचे ठरविले. करोनामुळे तो बेत लांबला आणि 2023 साली तडीस गेला. मार्गावर मोंबासा आहे हे पाहून आम्ही होकार दिला, हे भाच्यांना ठाऊक नाही.

मॉरिशसला पोर्ट लुईस बंदरातून आमचे जहाज निघाले. तेथील आप्रवासी घाटाच्या पायऱ्या मोजून सोळा. 1834 सालापासून जवळजवळ पाच लाख गिरमिटिये या बेटावर आले. त्यांत आपल्या कोकणपट्टीतलेही होते. गावाबाहेर सेंत क्रॉ येथे धन्यवादित जाक देझिरे लावाल यांची कबर आहे. 1864 साली निवर्तलेल्या या फ्रेंच धर्मगुरूच्या कबरीपाशी हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच रांगेत उभे राहतात.

रेयुनियों बेटावर, सेंत-रोझनजीक, 1977 साली ज्वालामुखीचा लाव्हा देवळाच्या दारातून आत शिरला आणि तेथेच थिजला. लोक त्यास चमत्कार म्हणतात. सेमिनरीतील आमच्या प्राध्यापकांनी भुवया उंचावल्या असत्या. आम्ही त्या गार, काळ्या दगडावर हात ठेवून उभे राहिलो. वादात पडलो नाही. पुढचे नोसी बे आमच्या स्मरणात राहिले ते इलांग-इलांगच्या फुलांच्या उग्र वासामुळे. झांझिबारला जुन्या गुलामबाजाराच्या जागी आज अँग्लिकन कॅथेड्रल उभे आहे. तो बाजार 1873 साली बंद झाला. सहप्रवासी तेथून लवंगा विकत घ्यायला गेले. आम्हीही गेलो, खोटे कशाला सांगा.

मग मोंबासा आले.

आमचे वडील आफ्रिकेच्या बोटीवर वाढपी होते. मुंबई, सेशेल्स, मोंबासा, तेथून खाली दरबान आणि परत. 1974 साली, आम्ही सहा वर्षांचे असताना, आमची धाकटी बहीण तापाने गेली. तार मोंबासाला पोहोचली. बदली माणूस नाही म्हणून रजा मिळाली नाही. वडील सव्वा महिन्याने घरी आले ते सेशेल्सला तिच्यासाठी घेतलेली शंखांची माळ घेऊन. आईने ती न बोलता पेटीत ठेवली. आम्ही मात्र त्यांच्याशी कित्येक दिवस बोललो नाही. इकडे बहीण जात होती आणि बाबा माळा घेत हिंडत होते, एवढेच आमच्या बालबुद्धीने धरून ठेवले. आणि बुद्धी वाढली तरी ते सुटले नाही.

शेवटच्या दुखण्यात ते एकदा म्हणाले, "मोंबासात चार तास मोकळे दिले होते रे. चालत देवळात गेलो." आम्ही उशी सारखी केली आणि दुसरा विषय काढला. हजारो माणसांची पापे कान देऊन ऐकणारा धर्मगुरू, पण बापाचे तेवढे एक वाक्य आम्हांला पुढे ऐकवले नाही.

किलिंदिनी बंदराच्या फाटकाशी टॅक्सीवाल्यांनी गराडा घातला. आम्ही चालत निघालो. तेव्हाचा किलिंदिनी रोड आता मोई अव्हेन्यू झाला आहे. रस्त्यावर ॲल्युमिनियमचे प्रचंड हस्तिदंत कमानीसारखे उभे आहेत; ते वडिलांनीही पाहिले असतील, किंवा मान वर केली नसेल. उन्हाने झगा पाठीला चिकटला. एन्क्रुमा रोडवरील पवित्र आत्म्याच्या कॅथेड्रलपर्यंत पाऊण तास लागला. जाऊन-येऊन दीड. म्हणजे ते देवळात दोन-अडीच तास बसले असणार. दोन-अडीच तास कोणी एकटा माणूस काय करतो? आम्ही मागच्या बाकावर बसून पाहिले. वीस मिनिटांतच आमची प्रार्थना संपली. नंतर नुसते बसून राहिलो, आणि बहिणीचा चेहरा आठवू लागलो. तो आठवला नाही. वडिलांचा आठवला.

जहाजावर परतलो तेव्हा आमची खोली आवरणारा वसईचाच तरुण दाराशी उभा होता. आठ महिन्यांचा करार, आठवड्याचे सातही दिवस काम. "फादर, रविवारी माझ्या लेकीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद आहे. आपल्याकडे आठला मिस्सा. त्याच वेळेला इथे वाचाल का?"

रविवारी आम्ही माहे बंदरात होतो. सेशेल्सचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणून सकाळी साडेसहाला, खलाशांच्या भोजनगृहात, चहाचे पेले बाजूला सारून मिस्सा सुरू केली. सातला त्याची पाळी होती. ख्रिस्तप्रसाद घेऊन तो गणवेशाची बटणे लावीतच जिना चढून गेला.

दुपारी व्हिक्टोरियाच्या बाजारात शंखांच्या माळा टांगलेल्या होत्या. आम्ही दोन घेतल्या. एक त्याच्या लेकीसाठी.