तयार कान

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माझे मामा शर्यतीच्या गाड्यांची इंजिने जुळवतात, आणि तयार कान गवयाइतकाच मेकॅनिकलाही लागतो, हे मी त्यांच्या गॅरेजात शिकलो.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली, की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती पोहोचण्याआधीच कडेला उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. हेच 'नॉकिंग'. ते जोराने चालू राहिले तर पिस्टन फुटतो.

शर्यतीच्या गाडीच्या गर्जनेत हा आवाज बुडून जातो. म्हणून मामा तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टने आवळतात आणि दुसऱ्या टोकाची रबरी नळी कानाला लावतात. हल्ली ब्लॉकवरचा सेन्सर सहा-सात हजार हर्ट्झच्या आसपासची थरथर टिपतो; पण व्हॉल्व्हची खडखडही त्याला फसवू शकते. मग मामा प्लग काढून भिंगातून पाहतात. पांढऱ्या चिनी मातीवर काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, की समजावे, पिस्टन झिजू लागला.

उपाय ठाऊक आहेत : ठिणगी एक-दोन अंश उशिरा पाडणे, पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढवणे, आत येणारी हवा थंड ठेवणे, अधिक ऑक्टेनचे इंधन वापरणे. कठीण असते ते थांबणे. "मामा, अजून एक अंश पुढे घ्या ना," चालक गळ घालतो. मामा डायनोचा आकडा दाखवतात : "जोर वाढायचा थांबलाय. आता वाढेल तो फक्त धोका."

या आवाजावर १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजले यांनी एक तोडगा शोधला : पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग. इंजिने शांत झाली. विष मात्र हवेत गेले, मुलांच्या रक्तात उतरले. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले; जगातल्या शेवटच्या पंपावरून जायला २०२१ उजाडले.

इंजिन कुरकुरते तेव्हा ते काही मागत असते. त्याचे तोंड बंद करणे सोपे. मामा आधी ऐकून घेतात, मग पाना उचलतात.