काजव्याचा उजेड

गेल्या दिवाळींतील गोष्ट. माझी नात प्रयोगशाळेंत काम करते. औषधांच्या परीक्षेसाठीं ती कर्करोगाच्या पेशींचे बारीक गोळे वाढविते. “त्यांतल्या जिवंत किती, हें कसें ग ओळखतेस?” मी विचारलें.

ती म्हणाली, “सुट्या पेशींना निळा रंग देतात, आजोबा, मेलेल्या तो शोषून घेतात, जिवंत घेत नाहींत. गोळ्यांत मात्र रंग आंतवर नीट शिरत नाहीं. प्राणवायुही सुमारें ०.२ मिलिमीटरच पोहोंचतो. म्हणून वरून टवटवीत गोळ्याचा गाभा मेलेला असूं शकतो. मग गोळाच फोडून जिवंत पेशींतलें ‘एटीपी’ हें ऊर्जाद्रव्य काजव्यांत सांपडणाऱ्या विकरानें उजळवितों. जितका उजेड, तितकें जीवित. पण गोळा पुरता फुटला नाहीं, तर आंतल्या जिवंतही मेल्यांत जमा होतात.”

मी चपापलों. मागल्या बांकावरच्या एका अबोल मुलास मी ‘दगड’ म्हणून सोडून दिलें होतें. त्यानें शाळा सोडल्यावर त्याची वही माझ्या हातीं आली. तींत रघुवंशाच्या श्लोकांचे अन्वय त्यानें आपले आपण लाविले होते, आणि ते बहुतेक बरोबर होते.

नात दुसरा गोळा घेऊन पुन्हा मोजूं शकते. मला तो मुलगा पुन्हा भेटला नाहीं.