नालबंदाची मूस : हरवलेले पोलाद पुन्हा कसे सापडले

१/
तलवारीच्या पात्यावर वाहत्या पाण्यासारखी नक्षी. ती कोरलेली नाही, रंगवलेलीही नाही. पोलादाच्या पोटातूनच वर उमटलेली. एकोणिसाव्या शतकात ही विद्या लोपली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती परत आणण्यात मोठा वाटा होता तो घोड्यांना नाल ठोकणाऱ्या एका माणसाचा. (थ्रेड)

२/
हे पोलाद मूळचे भारतीय. दक्षिणेत, विशेषतः आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या प्रदेशांत ते मुशीत वितळवून तयार होई. कन्नडमध्ये पोलादाला 'उक्कू' म्हणतात. इंग्रजीतील 'वूट्झ' हे त्याचेच बिघडलेले रूप मानले जाते. त्याच्या ढेपा इराण आणि पश्चिम आशियात जात. तेथे घडलेल्या पात्यांना युरोपने 'दमास्कस' हे नाव दिले.

३/
हेन्री व्हॉयसी या भूवैज्ञानिकाने निजामाबाद परिसरातील कोनासमुद्रम येथील भट्ट्यांचे वर्णन लिहून ठेवले. ते १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे दोन वेगवेगळ्या गावांचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळत, मुशीत काचेचे तुकडे घालत, तोंड मातीने बंद करून दीर्घकाळ आच देत आणि मग सावकाश निवू देत. इस्फहानचा एक व्यापारी खरेदीसाठी थेट तेथे येऊन राहिला होता.

४/
या कथेत मुंबईही आहे. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध मांडला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद चक्क मुंबईत बनणारे म्हटले आहे! माल ज्या बंदरातून आला, त्याच गावाचे नाव त्याला चिकटले.

५/
पुढे मायकेल फॅरडे या प्रश्नाकडे वळले. हे विजेचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ स्वतः एका लोहाराचे पुत्र. चाकू-सुऱ्या बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांना सोबत घेऊन त्यांनी १८१९ ते १८२२ या काळात पोलादावर प्रयोग केले. वूट्झचे वैशिष्ट्य ॲल्युमिना आणि सिलिका यांत असावे, असा त्यांचा प्रारंभीचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. पण त्यातूनच मिश्र-पोलादांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

६/
पॅरिसमध्ये ब्रेआँ यांनी शेकडो प्रयोग करून नक्षीचा संबंध कार्बनच्या मोठ्या प्रमाणाशी जोडला. उरल पर्वतातील झ्लातौस्त येथे पावेल आनोसोव्ह यांनी अनेक वर्षे खपून १८४१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शास्त्र पुढे सरकत होते. तरीही जुन्या पात्यांसारखी नक्षी हुकमी उतरवण्याची कृती सर्वमान्य होईना.

७/
अडचण एका वाक्यात सांगता येते. ज्यांना कृती येत होती, त्यांनी ती लिहिली नाही. जे लिहीत होते, त्यांना ती हाताने येत नव्हती. हा दुवा जोडला गेला तो विद्यापीठाबाहेर, घरामागच्या शेडमध्ये, हौसेने भाता चालवणाऱ्यांच्या जगात.

८/
यंत्रांनी लोहाराचे काम हिरावल्यावर अमेरिकेत हाताने चाकू घडवणारे मोजकेच उरले होते. मेरीलँडमधील विल्यम मोरान हे त्यांपैकी एक. १९७३ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेली नक्षीदार पाती प्रदर्शनात मांडली. १९७६ मध्ये 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' स्थापन झाली आणि घरगुती कार्यशाळांना एक शिस्त लाभली.

९/
त्या शिस्तीची परीक्षा पाहण्याजोगी आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या पात्याने मोकळा लोंबणारा दोर एका घावात तोडायचा, लाकडी फळी दोनदा तोडायची आणि तरीही त्याच धारेने हातावरचे केस उतरवून दाखवायचे. शेवटी पाते शिकंज्यात धरून नव्वद अंशांत वाकवायचे. ते मोडता कामा नये. येथे चाकूचे सौंदर्य नव्हे, पोलादाला दिलेले 'पाणी' तपासले जाते.

१०/
हे पाणी देणे म्हणजे काय? पाते लाल तापवायचे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. छोट्या कार्यशाळेत तीच खूण धरून आच आणखी थोडी चढवतात. मग पाते तेलात बुडवायचे. ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून साधारण २०० अंशांवर पुन्हा शेकायचे. हे शेवटचे काम अनेक हौशी कारागीर स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्येच उरकतात.

११/
येथे एक भेद ध्यानी ठेवावा. मोरान यांची नक्षी थर जोडून केलेली. आज 'दमास्कस' म्हणून विकले जाणारे बहुतेक चाकू याच प्रकारचे असतात. वूट्झमध्ये थर जोडलेले नसतात. एकाच ढेपेतून नक्षी आपोआप प्रकटते. दोन्ही कला थोर, पण वेगळ्या. संग्रहालयातील पाते पाहताना हा प्रश्न प्रथम विचारावा.

१२/
आता तो नालबंद. अल्फ्रेड पेंड्रे, फ्लोरिडातील विलिस्टन गावचे. पोट घोड्यांच्या नालांवर, ओढ चाकू घडवण्याची. त्यांनी मुशीत लोखंड, कोळसा, काच आणि हिरवी पाने घालून वूट्झच्या ढेपा पाडायला सुरुवात केली. कधी नक्षी उतरे, कधी नाही. कृती तीच, हात तेच; मग फरक कुठे पडत होता?

१३/
आयोवा स्टेट विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन त्यांच्याशी जोडले गेले. एकाने घडवायचे, दुसऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. तुलनेसाठी अस्सल जुनी पाती कापून पाहणे आवश्यक होते, आणि असे नमुने सहसा कोणी देत नाही. बर्न येथील ऐतिहासिक संग्रहालयाकडून मिळालेल्या पात्यांनी ती अडचण दूर केली.

१४/
उत्तर अशुद्धीत दडलेले निघाले. लोखंडात व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अगदी नगण्य अंश असला, तरच नक्षी उमटत होती. ढेप सावकाश गोठताना हा अंश ठरावीक जागी साचतो. मग पाते वारंवार तापवले आणि निववले की, लोह-कार्बाइडचे कठीण कण त्या जागांना धरून ओळीने जमतात. आम्लाने पृष्ठभाग खुलवला की, काळसर पार्श्वभूमीवर त्या ओळी उजळ दिसतात.

१५/
मात्र धातू योग्य असून भागत नाही. हातही संयमी हवा. इतका कार्बन असलेली ढेप पांढरट होईपर्यंत तापवली, तर हातोड्याखाली तिचे तुकडे होतात. लाल आचेवर, हळूहळू, पुनःपुन्हा ठोकावे लागते. जुन्या पात्यांवरील शिडीसारखे आडवे पट्टेही पेंड्रे यांनी साधले : पात्यावर आडव्या खाचा पाडून ते पुन्हा सपाट ठोकायचे, इतके ते साधे होते!

१६/
मग ही कला मेली कशी? व्हरहोव्हन आणि पेंड्रे यांचे अनुमान असे : योग्य अशुद्धी असलेले खनिज भारताच्या काही भागांतूनच येत असावे. तो पुरवठा बदलला असेल, तर लोहाराने आजोबांची कृती जशीच्या तशी केली तरी नक्षी उमटली नसती. काही पिढ्यांत ती कृती शिकवण्याचे कारणच उरले नसते. शस्त्रांची घटती मागणी आणि आयात पोलाद हीदेखील कारणे सांगितली जातात.

१७/
२००६ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी एका जुन्या पात्यात कार्बनच्या सूक्ष्म नलिका आढळल्याचे जाहीर केले. लगेच 'आपल्या पूर्वजांना नॅनो-तंत्रज्ञान ठाऊक होते' असे संदेश फिरू लागले. हे अनुमान टिकत नाही. त्या लोहारांना ना नलिका ठाऊक होत्या, ना व्हॅनेडियम.

१८/
त्यांना जे ठाऊक होते, ते यापेक्षा कमी मोलाचे नाही. कोणत्या गावचे लोखंड कोणत्या गावच्या लोखंडात मिसळावे, मूस कधी उतरवावी, कोणत्या रंगाला हात थांबवावा. कारण न कळताही परिणाम पिढ्यान्‌पिढ्या अचूक साधणारी ही विद्या होती. तिला आजच्या शब्दांचे उसने दागिने चढवले की, तिचे खरे कर्तृत्व झाकले जाते.

१९/
पेंड्रे २०१७ मध्ये निवर्तले. त्यांची रीत मात्र या वेळी लिहिलेली आहे, छापलेली आहे आणि इतरांच्या हातांतही उतरली आहे. आपल्या गावाकडे आजही एखादा भाता चालू असेल. तेथील म्हातारा लोहार विळ्याला पाणी देताना कोणता रंग पाहून थांबतो, हे कोणी त्याला विचारले आहे का? विचारून लिहून ठेवले, तर पुढच्या फॅरडेला दोनशे वर्षे थांबावे लागणार नाही.