मुळशीच्या काठावरचा आंबेमोहोर

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात उभं राहायला जागा नसते, आणि धबधब्याखालचा गाण्यांचा धिंगाणा मला सोसत नाही. म्हणून मी मुळशीला गेलो तो मे महिन्यात. डोंगर करपलेले, करवंदीच्या जाळ्या लगडलेल्या, धरणाचं पाणी पार खाली गेलेलं. कैलासगड चढलो, घनगडही पाहिला. ऊन्ह मी म्हणत होतं, एवढंच आठवतं.

काठावरच्या एका गावात पाणी मागायला थांबलो. घरामागच्या वाफ्यात राब भाजून झाला होता, राख अजून कोमट होती.

"नुसतं पानी कसं देऊ? जेवून जा," आजी म्हणाल्या.

चुलीवरच्या टोपाचं झाकण त्यांनी उचललं आणि ओटीपर्यंत मोहराचा वास आला. आखूड दाण्याचा, मऊ, बोटांना जरा चिकटणारा आंबेमोहोर. मी कुळथाच्या पिठल्याकडे हात नेला, तर आजींनी थांबवलं. "आधी नुसता खाऊन बघ." खाल्ला. पुण्यात आंबेमोहोर म्हणून आजवर घरी आणला तो कुठला तांदूळ होता कोण जाणे!

"घरचाच का, आजी?"

"घरचा, पर खायापुरता. ह्यो वाऱ्यानं आडवा पडतो, पिकतो बी कमी. इंद्रायणी लावली तर पोती भरत्यात." मग त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "आमची चांगली खाचरं तकडं. आजेसासऱ्याची."

जेवण झाल्यावर त्या पाण्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यातली भाताची जमीन टाटांच्या वीजप्रकल्पासाठी गेली. पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी अडवून सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात भिऱ्याला उतरवलं. त्यावर वीज झाली आणि ती मुंबईला गेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची प्रतिज्ञा. बायकाही तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते इथूनच. लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालंच. धरणं देशभर झाली, पण एवढ्या आधी, एवढ्या ठामपणे त्यांना आडवे गेलेले शेतकरी आमच्या शेजारच्या तालुक्यातले, आणि शाळेत मला त्यांच्याबद्दल कुणी एक ओळ शिकवली नाही. याचा मला राग आहे.

मुळशीला जरूर जा. जाण्याआधी राजेंद्र व्होरांचं 'मुळशी सत्याग्रह' वाचा, आणि तांदूळ घ्यायचा तर काठावरच्या शेतकऱ्याच्या घरून, तो सांगेल त्या भावाने घ्या.