नांदेडची ओसरी व लातूरची येळवस

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे हिमालयाची शिखरे किंवा कोकणचा किनारा उभा राहावयाचा. नांदेड आणि लातूर ही नावे वाचून कोणी प्रवासाची पेटी बांधावयास घेईल, अशी आशा आम्ही बाळगीत नाही. परंतु ज्या घरातून आम्ही आयुष्यभराची सामग्री उचलून नेली, त्या घरास तिचा हिशेब देण्याचे राहून गेले होते. तो देण्यासाठी गेल्या मार्गशीर्षात आम्ही निघालो.

पूर्वी मुंबईहून नांदेडास यावयाचे म्हणजे मनमाडास रुंद मापाची गाडी सोडून मीटर मापाच्या गाडीत बसावे लागे. आता रात्री निजावे आणि सकाळी थेट नांदेडास उतरावे. स्थानकाच्या पाटीवर हल्ली ‘हुजूर साहिब नांदेड’ अशी अक्षरे दिसतात. गुरु गोविंदसिंगांनी 1708 साली येथेच देह ठेवला, आणि महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात येथील सचखंड गुरुद्वारा बांधविला. पहाटे गुरुद्वाराकडून येणारे कीर्तन आणि गोदावरीच्या घाटावरील स्नानाचे मंत्र आमच्या लहानपणी एकाच वाऱ्यावर ऐकू येत. बुधवारी रात्री आठ वाजता मात्र दोन्ही मागे पडत. त्या वेळी पानाच्या दुकानासमोर उभे राहून आम्ही रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकत असू, आणि उशीर झाला म्हणून घरी बोलणी खात असू.

आमचे सेवेचे सारे आयुष्य मुंबईच्या दूरदर्शन केंद्रात नेपथ्याच्या कामी गेले. ते केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आम्ही 1975 साली तेथे लागलो. नाटिकेत मराठी घर दाखवावयाचे असले की सुतार विचारी, “ओसरी कशी हवी?” आम्ही क्षणभर डोळे मिटीत असू. झोपाळ्याच्या कड्या कोठे, कोनाड्यातील पणतीची काजळी किती उंच चढलेली, फडताळात पितळी डबे कोणत्या क्रमाने मांडलेले, हे सर्व नांदेडच्या घरातून जसेच्या तसे येई. लाकडी पट्ट्या आणि रंगविलेले कापड यांचे ते घर दिवे मालवले की मोडून ठेवावे लागे. मुंबईतील असंख्य घरांनी अशा रीतीने आमच्या मातोश्रींचे स्वैपाकघर पाहिले. पुण्यासही 1973 पासून मुंबईचे चित्र दिसू लागले होते. नांदेडपर्यंत मात्र ते पोहोचत नसे, आणि ज्यांचे ते स्वैपाकघर, त्यांनाच ते दिसले नाही.

मग आम्ही पत्रे लिहू लागलो. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावावर मुंबई केंद्राची मालिका निघाली, तेव्हा दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मातोश्रींना त्या कथा आधीच मुखोद्गत. त्यांनी उलट टपाली विचारले, “गुंड्याभाऊंचा सोटा दिसतो का रे?” तेव्हापासून दर पंधरवड्यास आठ-आठ पाने भरू लागली. कोण कोठे उभे राहिले, कोणत्या वाक्यास स्टुडिओतील माणसांनी तोंडात रुमाल धरला, आणि आज कापडाच्या भिंतीवर आपला कोणता कोनाडा रंगविला, हे सारे त्यांत असे. दुपारची जेवणे उरकली की मातोश्री ओसरीवर बसून ती पत्रे मोठ्याने वाचीत. शेजारच्या बायका वाती वळीत ऐकत. कोणी चुरमुऱ्यांची फोडणी दिलेला, या भागात ज्यास सुशीला म्हणतात तो पदार्थ करून आणी.

पुढे 1984 च्या सुमारास लघुशक्तीची प्रक्षेपण केंद्रे देशभर भराभर उभी राहिली, आणि आमच्या गल्लीतही चित्र आले. पण ते दिल्लीचे! 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले, तेव्हा मातोश्री स्नान करून शेजारी जाऊन बसत आणि पडद्यास हात जोडीत. त्यांनी आम्हांस लिहिले, “तुमचा राम फार सालस आहे. पण आपली ओसरी केव्हा दाखविणार?” आम्ही ‘लवकरच’ असे उत्तर धाडले. त्याच वर्षीच्या श्रावणात मातोश्री गेल्या. त्यांस मुंबईस आणून स्टुडिओ दाखविणे अशक्य होते असे नाही. बारा वर्षांत आम्हांस सवड झाली नाही, एवढेच खरे कारण आहे.

आता त्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे. आम्ही समोरच्या फाटकाशी उभे राहून पाहत होतो, तोच हाक आली, “काय बघायलास रे एवढं?” समोरच्या घरातील काकू नव्वदी ओलांडून गेल्या आहेत. ओळख पटताच त्यांनी आत बोलाविले, आणि बसण्यापूर्वीच म्हणाल्या, “तुझं टीव्हीतलं घर पाहिलंय की आम्ही. तो कोनाडा, ते फडताळ.”

वयोमानाने काकूंचा घोटाळा झाला असेल, असे आम्हांस वाटले. आम्ही नम्रपणे म्हटले, “काकू, ते चित्र इथे येतच नव्हते.”

“न यायला काय झालं? तुझी आई वाचायची, आणि आम्हाला दिसायचं. त्याच ओसरीवर बसलेलो असायचो की आम्ही!”

मग त्यांनी कपाटातून एका जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेला गठ्ठा काढला. जाण्यापूर्वी मातोश्रींनी तो त्यांच्या स्वाधीन केला होता. काकूंची दृष्टी आता अधू झाल्याने त्यांनी आम्हांसच एक पत्र वाचावयास सांगितले. त्या काळी चित्रफिती महाग असत, आणि एकच फीत पुसून पुन्हा वापरण्याची रीत बीबीसीसारख्या मोठ्या संस्थांतही होती. फितीवरचे पुष्कळसे चित्र जगभर असेच नाहीसे झाले. पंचवीस पैशांच्या आंतरदेशीय पत्रांवर व वहीच्या पानांवर उतरलेले मात्र पातळाच्या तुकड्यात टिकले. आम्ही वाचीत गेलो. तिसऱ्या पानावर आमचा आवाज राहिला नाही. तेव्हा पुढचे वाक्य काकूंनी तोंडपाठ म्हणून पुरे केले.

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने आम्ही लातुरास भगिनीकडे गेलो. लातूरचे हृदय म्हणजे गंजगोलाई; मध्ये देवीचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बाजार, आणि त्यास येऊन मिळणारे सोळा रस्ते. एरवी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. त्या दिवशी दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या, कारण ती वेळा अमावस्या, म्हणजे येथील भाषेत येळवस होती. अशी सामसूम गोलाई आम्ही पूर्वीही एकदा पाहिली होती, 1987 च्या एका रविवारी सकाळी. त्या वेळी सारे गाव पडद्यासमोर बसले होते. या वेळी सारे गाव शेतात गेले होते.

आम्हीही गेलो. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडवांची पूजा, मग काळ्या मातीवर पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातील थंडगार आंबील! बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसासही हात धरून जेवावयास बसवितात. हा जिल्हा साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिला तो 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर, ढिगाऱ्यांच्या रूपाने. हरभरा व ज्वारी यांनी भरलेले हे शिवार त्या मानाने फार थोड्यांनी पाहिले असेल. भगिनीचा नातू भ्रमणध्वनीवर पंगतीचे चित्र परदेशी असलेल्या आपल्या आईस दाखवीत होता. ती माउली तिकडून विचारी, “आंबिलीत ताक कोणाच्या घरचं रे?” त्याने यंत्र खाली ठेवले, जाऊन विचारून आला, आणि सविस्तर सांगू लागला.

ते पाहून आम्हांस मोठे समाधान वाटले. परतताना काकूंकडील गठ्ठा आम्ही मागितला नाही. तो जेथे वाचला गेला, तेथेच असावा. मुंबईस येताच मात्र काकूंना आठ पानांचे पत्र लिहिले, आणि त्यात गोलाईपासून आंबिलीपर्यंत सर्व मजकूर घातला. तो वाचून दाखविण्यास त्यांची नातसून आहे. ओसरी राहिली नाही, तरी काकूंना ती दिसेल, याविषयी आम्हांस शंका नाही.