लाल विंचू आणि पेशीचं दार

परवा लेकीचा आठवीचा विज्ञानाचा अभ्यास घेत होतो. धडा पेशीचा. "बाबा, पेशीपटलाला निवडक्षम पारपटल का म्हणतात?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं. काही पदार्थांना आत सोडतं, काहींना अडवतं, म्हणून. तिने लिहून घेतलं आणि पान उलटलं. मी मात्र तिथेच अडकलो. सुमी आठवली.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. १९८१ च्या उन्हाळ्यात काकांची सुमी, वय वर्षं नऊ, चुलीसाठी लाकडं काढायला गेली आणि तिला लाल विंचू चावला. उलट्या, अंगातून घामाच्या धारा, हातपाय बर्फासारखे गार. विंचू उतरवणारा आला, त्याने मंत्र घातले. पहाटे तिच्या तोंडाला गुलाबी फेस आला. मी सहा वर्षांचा होतो, पण तो फेस विसरलेलो नाही.

पुढे कळलं ते असं. पेशीचं पटल म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुहेरी पदर. इतका पातळ की एका मिलिमीटरमध्ये असे लाखभर पदर सहज मावतील. त्यात प्रथिनांची दारं बसवलेली. मज्जापेशीत सोडियमचं दार सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडतं आणि मिटतं. संदेश जातो तो असा. लाल विंचवाचं विष हे दार वेळेवर मिटूच देत नाही. मज्जातंतू थांबायचं विसरतात, ॲड्रेनलिनसारखी रसायनं शरीरात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. तोच तो फेस.

तेव्हा इकडे महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर अशाच रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करत होते. १९७६ साली ते बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले होते. १९८२ मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. रक्तदाबाची साधी गोळी! रक्तवाहिन्यांच्या पेशींवर त्या रसायनांची जी बसायची जागा असते, ती ही गोळी आधीच अडवून धरते. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसेक दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गंमत (शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) अशी की विष काय आणि औषध काय, पेशीच्या आत कुणालाच जावं लागत नाही. सगळा निकाल दारातच लागतो.

१९९० मध्ये माझ्या धाकट्या भावाला पेंढा उपसताना लाल विंचू चावला. जीपने रात्रीच महाडला नेलं, गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमटीभात मागत होता. काकी दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, आत आलीच नाही.

ती आता ऐंशीच्या पुढे आहे. विंचू उतरवणारा उशिरा पोचला, असं अजून म्हणते. मी काही बोलत नाही.