सत्तर पानांचा पुडा

सालेकसा, माघ वद्य द्वितीया

ती. दादा,

तुम्ही विचारलेत, इथल्या गोंडांना आज नेमके काय हवे आहे: रस्ता, दवाखाना, की जुन्या देवांचे कौतुक? देव एका खणात आणि पोट दुसऱ्या खणात ठेवून केलेला हा प्रश्न आहे, आणि इथे असे खणच नाहीत. दरेकसा स्थानकाजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून गोंड येतात. कथा अशी की काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो यांनी त्यांची सुटका केली, मग लिंगोने त्यांना गोत्रे लावून दिली. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी ती वाटणी. देवसंख्या सारखी असलेल्या घरांत सोयरीक होत नाही. गोत्रे साडेसातशे मानतात आणि प्रत्येक गोत्राने एक झाड, एक प्राणी, एक पक्षी राखायचा. त्यांच्या थोरल्या देवाचा, बडादेवाचा, वास ऐनाच्या झाडात. म्हणजे सोयरीक जुळवायची तरी जंगलाची नावे घ्यावी लागतात, आणि ज्यांचे देवघरच उभे झाड आहे, त्यांना ते झाड कोणाच्या ताब्यात आहे हे विचारावेच लागते.

यावर तुम्ही म्हणाल, श्रद्धेने झाडे राखली जात असती तर एवढी जंगले गेली कशी? आक्षेप खरा आहे. गोत्राचा नियम गोत्रातल्या माणसाची कुऱ्हाड थांबवतो. बाहेरून आलेला ट्रक थांबवायला हक्काचा कागद लागतो. तो कागद हीच मला यांची मुख्य गरज दिसते.

देवरी, दोन दिवसांनी

ती. दादा,

शेती इथे बहुतेक एका पावसाची. बांधीत रोवणी करायची, दिवाळीच्या सुमारास धान कापायचे, आणि बांधीला पाणी नसेल तर पुढचे महिने जंगलावर काढायचे. चैत्रात मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे पाने तोडून आणतात, घरातली लहानमोठी सगळी ओसरीवर बसतात, सत्तर पाने मोजून पुडा बांधतात आणि संध्याकाळी खरेदीच्या फडीवर नेतात. असे हजार पुडे झाले की एक गोणी. पंधरा-वीस दिवसांच्या या कामातून बी-बियाण्याचा आणि शाळेचा खर्च निघायचा असतो, म्हणून पुड्याचा भाव कोण ठरवतो हा साधा प्रश्न नव्हे.

शेजारच्या गडचिरोलीत अनुसूचित क्षेत्र आहे, तिथे ग्रामसभेला वनोपजाची मालकी देणारा 1996चा पेसा कायदा लागू होतो. इथला गोंदिया जिल्हा त्या क्षेत्रांच्या यादीत नाही. देव तेच, पाने तीच, जिल्हा वेगळा. इथल्या ग्रामसभेच्या हाती उरतो 2006चा वनहक्क कायदा, 31 डिसेंबर 2007पासून लागू झालेला. त्याने तेंदू, बांबू, मोह यांची मालकी गावाला दिली, आणि इथल्या काही ग्रामसभांनी सामूहिक हक्क मिळवून पत्ता स्वतः विकायला सुरुवात केली.

विरोधक म्हणतात, गाव जंगल विकून खाईल. कोवळ्या पानांसाठी वणवे लावणारे तेच तर. वणवे लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पत्ता उचलणाऱ्या ठेकेदाराचा हंगाम एका वर्षाचा. पुढच्या वर्षी ते जंगल कोणाचे याची त्याला फिकीर नसते, आणि मजुराला विचारतो कोण? जो पुढच्या मे महिन्यातही त्याच झाडाखाली वाकणार आहे, त्याच्याकडे राखणदारी देणे अधिक शहाणपणाचे. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: व्यापारी एकी करून भाव पाडतील, ग्रामसभेला हिशेब झेपणार नाही. हे खरेच होऊ शकते. पण त्याला उपाय हिशेबनीस, गोदाम आणि वेळेवर मिळणारे कर्ज; हक्क काढून घेणे हा नव्हे.

हा गोंडांपुरता वाद आहे असेही नाही. बोर्निओतले दायाक शेतकरी रानातच भातशेती करतात आणि रूढीच्या कायद्याने जंगल वाटून घेतात. त्या रूढीची जंगले सरकारी नव्हेत, असा निकाल इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने मे 2013मध्ये दिला. त्याच्या महिनाभर आधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला होता, आणि तिथल्या बाराही सभांनी खाणीला नकार दिला. तिथल्या लोकांनीही डोंगर आणि देव वेगळे मोजले नव्हते.

इथे मात्र बरेचजण वैयक्तिक पट्ट्यालाच वनहक्क समजतात. तो जास्तीत जास्त चार हेक्टरांचा, आणि त्यात बांधी येते; ऐनाचे झाड बहुतेक वेळा पलीकडे उभे असते. उद्या नवेगावबांधकडे निघतो. तिथल्या तलावाविषयी पुढच्या पत्रात.

आपला,
धाकटा